सूत्र की मेहरबानी? धनंजयराव गाडगीळ यांच्या वाटचालीतून आपण काय घ्यावे

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना 'गाडगीळ सूत्र' पाठ असते. साठ, दहा, दहा, दहा, दहा. केंद्राने राज्यांना योजनेचा पैसा कसा वाटावा, याचे हे गणित. प्रवरा पट्ट्यातल्या जुन्या बागायतदारांना गाडगीळ आठवतात ते प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष म्हणून. हे दोन्ही गाडगीळ एकच आहेत, ही गोष्ट मुलांच्याही लक्षात येत नाही आणि बागायतदारांच्याही. अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यातून दिल्लीच्या नियोजन आयोगापर्यंत गेलेल्या या अर्थशास्त्रज्ञाची वाटचाल आपण मराठी मुसलमानांनी तर नक्कीच समजून घ्यायला हवी. कारण ज्या प्रश्नावर त्यांनी आयुष्य घालवले, तो आपल्याही रोजच्या जगण्यातला आहे. हक्काचे जे आहे ते नियमाने मिळावे, की कोणाच्या तरी मेहरबानीने?

अर्थशास्त्रज्ञ सत्तेत जातो, हे जगात अनेक ठिकाणी घडले आहे. पोलंडचे ऑस्कर लांगे शिकागो विद्यापीठात प्राध्यापक होते. १९४५ साली अमेरिकेचे नागरिकत्व सोडून ते आपल्या देशाचे अमेरिकेतील राजदूत झाले आणि पुढे पोलंडच्या राज्यमंडळाचे उपाध्यक्ष. आपल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या तयारीच्या काळात महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते भारतातही येऊन गेले होते. त्याच पोलंडमध्ये १९८९ साली लेशेक बाल्त्सेरोविच हे अर्थशास्त्रज्ञ अर्थमंत्री झाले आणि त्यांनी देशाची सगळी अर्थव्यवस्था बाजाराकडे वळवली. आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुळात रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ. चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेतून अर्थमंत्रिपदावर गेले आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले.

गाडगीळांची वाट यांच्यापेक्षा वेगळी आहे. ग्रंथालय आणि दिल्ली यांच्या मध्ये त्यांच्या आयुष्यात उसाचा एक कारखाना येतो. निवडणूक त्यांनी कधी लढवली नाही. पण हजारो शेतकऱ्यांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या संस्थेचे अध्यक्षपद सांभाळणे हेही राजकारणच असते, आणि तेही चांगलेच अवघड.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकचा. बालपण नागपुरात गेले आणि उच्च शिक्षण केंब्रिजमध्ये झाले. तिथे लिहिलेला प्रबंध १९२४ साली पुस्तकरूपाने निघाला. विषय होता भारतातील अलीकडच्या काळातील औद्योगिक स्थित्यंतर. तेव्हा त्यांचे वय तेवीस होते. या पुस्तकाचा एक भाग आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावा. शहरातील कारागिरी का बुडाली, याची चर्चा त्यात आहे. यंत्राचा माल स्वस्त पडला हे कारण सगळेच सांगतात. गाडगीळांनी त्याच्या बरोबरीने आणखी दोन कारणे मांडली. राजेरजवाडे आणि नवाबांचे दरबार संपले, त्यामुळे उंची मालाचे गिऱ्हाईक संपले. आणि परकीय राज्य आल्यावर वरच्या वर्गाच्या आवडीनिवडीच बदलल्या. विणकर, रंगारी, तांबट, जरीकाम करणारे हे लोक कोण होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. त्यात आपली कितीतरी घराणी होती. त्यांची घसरण ही त्यांच्या आळसाची किंवा अडाणीपणाची गोष्ट नव्हती, हे एका मराठी तरुणाने शंभर वर्षांपूर्वी कारणांसकट लिहून ठेवले.

परत आल्यावर सुरतच्या महाविद्यालयात ते काही वर्षे प्राचार्य होते. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. साताऱ्याचे रावबहादूर रावजी रामचंद्र काळे यांनी दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, त्या जागेवर राहिले. या संस्थेचे काम एका वाक्यात सांगायचे तर आधी मोजायचे, मग बोलायचे. पुण्यातील फळबाजार, वाई तालुक्यातील शेती, पुणे शहरातील कुटुंबे, सोलापूर शहर, अशा पाहण्या एकामागून एक झाल्या. संस्थेने १९३६ साली ना. म. जोशी यांचा दक्षिणेतील शहरी हस्तोद्योगांवरचा अभ्यासही काढला. घरोघर जायचे, उत्पन्न किती, कर्ज किती, माग किती, जनावरे किती, हे विचारायचे आणि टिपून घ्यायचे. त्या काळात भारतातल्या प्राध्यापकांनी अशी पायपीट करणे ही नवी गोष्ट होती.

याच पद्धतीने गाडगीळ आपल्या जिल्ह्यात आले. गोदावरी आणि प्रवरा नद्यांवरचे पाट मुळात दुष्काळापासून बचाव म्हणून काढलेले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. पाणी आले आणि ऊस आला. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर जकात लावून देशी साखरधंद्याला संरक्षण दिले, तेव्हा खासगी कंपन्यांना या पट्ट्याचे महत्त्व आणखी वाढले. हरेगावची बेलापूर कंपनी तर त्याआधीपासूनच होती. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे नेमका फायदा काय झाला आणि कोणाला झाला, याची पाहणी गाडगीळांनी केली. ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. पाण्याखालचा भाग आणि जिरायत भाग यांची तुलना करून सिंचनाचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष फायदे मोजणारा हा आपल्याकडचा सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक.

पाणी शेतकऱ्याचे, ऊस शेतकऱ्याचा, पण साखर कंपनीची. शेतकऱ्याने ऊस पिकवून गूळ करावा आणि गुळाचे भाव पडले की कर्जात बुडावे, अशी स्थिती होती. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील हे शेतकरी होते. शाळा फारशी शिकलेले नव्हते, पण १९२३ च्या सुमारास त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली होती. दख्खन कालव्यांवरील बागायतदारांच्या परिषदेत १९४५ साली गाडगीळांनी सहकारी कारखान्याची कल्पना मांडली, आणि ती उचलून धरणारा माणूस त्यांना विखे पाटलांच्या रूपाने भेटला. सरकारात वैकुंठभाई मेहता यांच्यासारखा सहकाराचा खरा जाणकार होता. १९४८ च्या अखेरीस कारखान्याची नोंदणी झाली. १९५०-५१ च्या हंगामात पहिले गाळप झाले. अध्यक्ष गाडगीळ आणि उपाध्यक्ष विखे पाटील. हा आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना, असे आपल्याकडे कौतुकाने म्हटले जाते. आंध्रातील एटिकोप्पका येथे १९३० च्या दशकातच असा प्रयत्न झाला होता. पण महाराष्ट्रातला पहिला कारखाना प्रवरेचाच, आणि पुढे राज्यभर जो नमुना उचलला गेला तोही प्रवरेचाच. १९६१ साली पंडित नेहरू तो पाहायला आले होते.

या नमुन्यात काय होते? भाग घेणारा शेतकरी मालक. शेअर कितीही असोत, एका सभासदाला मत एकच. ऊस आपल्याच कारखान्याला घालायचे बंधन. आणि साखर विकून जे उरेल ते उसाच्या दरातून सभासदाकडे परत. म्हणजे दर हा कंपनीच्या मर्जीवर न राहता हिशेबावर आला. इथे गाडगीळांचे अर्थशास्त्र पुस्तकातून बाहेर आले. जे वाटप आजवर कोणाच्या तरी इच्छेने होत होते, त्याला त्यांनी नियम लावून दिला.

पण हिशेब पूर्ण मांडायचा तर दुसरी बाजूही लिहावी लागेल. उत्पादक सभासद व्हायला ऊस हवा, उसाला पाटाखालची जमीन हवी. ज्याच्याकडे ती नव्हती, तो या घरात मालक म्हणून शिरू शकला नाही. शेतमजूर, दलित, आदिवासी आणि गावोगावचे बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार, खाटीक. कारखान्यामुळे बाजारपेठ वाढली, रस्ते झाले, शाळा-महाविद्यालये आली, त्याचा लाभ यांनाही झाला. पण तो लाभ शेजाऱ्याचा होता, भागधारकाचा नव्हता. बीड आणि पाथर्डी भागातून कोयता घेऊन येणारा ऊसतोड कामगार हा तर कारखान्याच्या कागदावर धड कामगारही नसतो, तो मुकादमाचा माणूस असतो. पुढे कारखान्याची खुर्ची ही आमदारकीची पहिली पायरी झाली आणि साखरसम्राट हा शब्द मराठीत रुळला. एक सभासद एक मत हा नियम राहिला, पण सभासद कोणाला करून घ्यायचे, ऊस कोणाचा आधी तोडायचा, हे पुन्हा मर्जीवर गेले. नियम लिहिला म्हणजे काम संपत नाही, तो रोज राखावा लागतो, हे प्रवरेनंतरच्या सत्तर वर्षांनी दाखवून दिले आहे.

कारखान्याबरोबर शेतीकर्ज हा गाडगीळांचा दुसरा ध्यास होता. १९४५ साली त्यांच्या अध्यक्षतेखालील शेतीवित्त उपसमितीचा अहवाल आला. नंतर रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीची सूत्रे ज्या समितीकडे होती, तिचे गोरवाला अध्यक्ष होते आणि गाडगीळ सदस्य. १९५४ साली आलेल्या त्या अहवालाने एक आकडा देशासमोर ठेवला. शेतकरी जे कर्ज घेतो, त्यातले सहकारी संस्थांकडून येणारे फक्त ३.१ टक्के. व्यापारी बँकांचा वाटा एक टक्काही नव्हता. उरलेले बहुतेक सावकाराचे. त्याआधी सहकाराच्या गौरवाची भाषणे देशभर होत होती. या एका आकड्याने ती थांबली आणि काम करण्याची चर्चा सुरू झाली.

१९६६ साली ते राज्यसभेवर राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून गेले. त्याच सुमारास पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांच्याकडे आले. सप्टेंबर १९६७ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष केले. अध्यक्ष पंतप्रधान असल्याने प्रत्यक्ष कारभार उपाध्यक्षाच्याच हाती. राज्यसभेची जागा त्यांनी सोडली.

तो काळ नाजूक होता. युद्ध, दुष्काळ आणि रुपयाचे अवमूल्यन यांमुळे चौथी पंचवार्षिक योजना पुढे ढकललेली. १९६७ च्या निवडणुकीत अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली होती. तोवर केंद्राची मदत एकेका योजनेगणिक आणि बरीचशी केंद्राच्या मर्जीने ठरत असे. दिल्लीत ज्याचा वशिला, त्याला जास्त, अशी राज्यांची तक्रार होती. आता दिल्लीत एका पक्षाचे आणि राज्यात दुसऱ्या पक्षाचे सरकार असताना ही तक्रार संशयात बदलायला वेळ लागणार नव्हता.

गाडगीळांसाठी हा विषय नवा नव्हता. १९४५ आणि १९४७ साली, देश एक राहणार की फुटणार ही चर्चा पेटलेली असताना, त्यांनी भारताच्या संघराज्याच्या प्रश्नावर दोन पुस्तके लिहिली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूनेही त्यांनी लेखणी चालवली होती. वेगवेगळ्या लोकसमूहांना एका देशात नांदायचे तर वाटपाचे नियम आधी ठरलेले हवेत, हा विचार त्यांच्या मनात वीस वर्षांपूर्वीच होता. १९६९ साली राष्ट्रीय विकास परिषदेने त्यांच्या सूत्राला मान्यता दिली. आसाम, जम्मू-काश्मीर आणि नागालँड यांच्या गरजेपुरता पैसा आधी बाजूला काढायचा. उरलेल्या मदतीपैकी ६० टक्के लोकसंख्येवर, १० टक्के राष्ट्रीय सरासरीहून कमी दरडोई उत्पन्न असलेल्या राज्यांना, १० टक्के कर गोळा करण्याच्या प्रयत्नावर, १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे आणि वीज प्रकल्पांसाठी आणि १० टक्के राज्यांच्या खास अडचणींसाठी. मदतीचा ३० टक्के भाग अनुदान आणि ७० टक्के कर्ज.

हे आकडे पवित्र नव्हते. गरीब राज्यांसाठी दहाच टक्के का, ही टीका तेव्हाही झाली. १९८० साली सूत्र बदलले आणि दरडोई उत्पन्नाचा भाग वीस टक्के झाला. १९९१ मध्ये पुन्हा बदल झाला. पण सूत्राचा खरा गुण त्याच्या आकड्यांपेक्षा त्याच्या उघडपणात होता. बिहारच्या मुख्यमंत्र्याला आपला वाटा कागदावर मोजून पाहता येत होता. कमी वाटला तर भांडण पंतप्रधानांशी न करता एका टक्केवारीशी करता येत होते. आणि टक्केवारी बदलता येते. मेहरबानी मात्र बदलून मागता येत नाही, ती फक्त टिकावी म्हणून हात जोडता येतात. २०१५ पासून नियोजन आयोगही नाही आणि ही मदतही नाही. पण राज्यांना पैसा कोणत्या निकषावर, हा वाद आजही आकड्यांच्याच भाषेत चालतो. ही भाषा रुजवण्यात गाडगीळांचा मोठा वाटा आहे.

त्याच १९६९ मध्ये त्यांच्या नावाच्या अभ्यासगटाने बँकांविषयी अहवाल दिला. बँका शहरात आणि बड्या व्यापाऱ्यांत अडकल्या आहेत, तेव्हा प्रत्येक जिल्हा हा एक क्षेत्र धरून तिथल्या पतपुरवठ्याची आखणी करावी, असे त्यात होते. त्यातूनच अग्रणी बँक योजना आली. जिल्हा अग्रणी बँकेच्या वार्षिक पतआराखड्याची बातमी आपण दरवर्षी पेपरात वाचतो, तिचे मूळ इथे आहे.

आता आपल्या दारात येऊ. गाडगीळांनी जिल्हा हे माप धरले. पण जिल्ह्याच्या आत मोहल्ला असतो, आणि तो मापात येतोच असे नाही. २००६ साली सच्चर समितीने दाखवून दिले की मुस्लिम वस्तीचे काही भाग बँकांनी चक्क नकारात्मक क्षेत्र म्हणून ठरवून ठेवले होते. ज्या समाजात नोकरीपेक्षा स्वतःचा छोटा धंदा करणारे जास्त, त्यालाच कर्ज मिळणे अवघड. हे आपण सगळे अनुभवाने जाणत होतो. पण जाणणे वेगळे आणि सरकारी अहवालात आकड्यांनिशी छापले जाणे वेगळे. महाराष्ट्रात २००८ साली नेमलेल्या मेहमूद उर रहमान अभ्यासगटाने २०१३ मध्ये अहवाल दिला. त्यावर पुढे काय झाले, हे आपल्याला ठाऊक आहे. तरीही आपल्या मागणीला आज जो काही कागदाचा आधार आहे, तो या दोन अहवालांचाच.

आकडे केवळ आपली दैन्यावस्था सांगतात असेही नाही. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती आणि राज्याची सरासरी ७६.९. हा समाज शिकायलाच तयार नाही, असे म्हणणाऱ्याला याहून सरळ उत्तर दुसरे नाही. पण मग अडतो कुठे? अक्षरओळख झालेला मुलगा आठवी-नववीत शाळा का सोडतो? बारावी झालेली मुलगी पुढे कुठे जाते? हे प्रश्न साक्षरतेच्या आकड्यात लपून जातात आणि त्यासाठी वेगळी मोजणी करावी लागते.

शिक्षक म्हणून मला इथे आपल्या सवयीविषयी बोलावेसे वाटते. आपल्याकडे निवडणूक आली की नेत्याला बोलावले जाते. कब्रस्तानाची भिंत, शादीखान्याची शेड, उर्दू शाळेची एक खोली, एवढी यादी त्याच्या हाती दिली जाते. तो देतो किंवा देत नाही. दिले तर आपण त्याचे उपकार मानतो आणि त्याची तसबीर लावतो. भिंत पडली की पुन्हा त्याच दारात. लोणीच्या शेतकऱ्यांनीही बेलापूर कंपनीकडे दोन रुपये वाढवून मागितले असते आणि कदाचित मिळालेही असते. पण त्यांनी कारखान्याची मालकी मागितली, आणि मागण्याआधी पाटाखाली किती एकर, किती टन ऊस, किती शेअर याचा हिशेब मांडला. तो मांडायला त्यांच्याबरोबर केंब्रिजचा एक विद्वान बसला होता. तो मंचावरून उपदेश करून निघून गेला नाही, अध्यक्ष म्हणून त्याने नफ्यातोट्याची जबाबदारी अंगावर घेतली. आपल्यातही आता अर्थशास्त्र, वाणिज्य, संख्याशास्त्र शिकलेली मुले-मुली आहेत. त्यांना आपण सत्काराला बोलावतो, पण जमातीचा हिशेब बघायला बोलावत नाही.

मार्च १९७१ च्या निवडणुकीनंतर नियोजन आयोगाची फेररचना झाली आणि गाडगीळांचे दिल्लीतले काम संपले. दिल्लीहून पुण्याला परतताना रेल्वे प्रवासातच ३ मे १९७१ रोजी त्यांचा मृत्यू झाला. वय सत्तर. त्यांनी पक्ष काढला नाही, मतदारसंघ बांधला नाही. मागे राहिली ती एक संस्था, एक कारखाना, एक सूत्र आणि जिल्ह्याजिल्ह्यांतला तो पतआराखडा.

त्या पतआराखड्यापासून सुरुवात करता येईल. तो गुप्त कागद नाही. आपल्या तालुक्यातल्या चार पदवीधरांनी तो मिळवावा, त्यात अल्पसंख्याकांना दिलेल्या कर्जाचा रकाना बघावा आणि मग आपल्या मोहल्ल्यात घरोघर जाऊन विचारावे. किती जणांचे बँकेत खाते, किती जणांनी कर्ज मागितले, किती जणांना मिळाले, किती जण आजही सावकाराकडे जातात. दोन रविवारांचे काम आहे. ते आकडे हातात घेऊन बँकेच्या दारात गेलो, तर साहेबांना उत्तर द्यावेच लागेल. तिथे उपकाराची भाषा चालणार नाही, त्यांचीही नाही आणि आपलीही नाही.